चित्राखालची ओळ



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन केला. "सर, कांट सोडून सिगारेटकडे केव्हा वळलात?" त्याला म्हटलं, कांट सोडलेला नाही, संध्याकाळी ये आणि ऐक. तो आलेला दिसतोय, मागच्या रांगेत.

तर विषय आहे सिगारेटच्या पाकिटातून मिळणारी नट्यांची चित्रं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा प्रकार, आणि तो मुळात विलायतेतला आणि अमेरिकेतला. मग घाटकोपरात बसून त्याच्यावर का बोलायचं? कारण त्याचा एक धागा घाटकोपरातून जातो. तो पुढे येईल. आधी मूळ वस्तू काय होती ते सांगतो.

1880 च्या आसपास सिगारेट कागदी पाकिटात मिळे. पाकीट पातळ, खिशात चेमटायचं आणि आतली सिगारेट मोडायची. म्हणून आत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. पत्त्याहून लहान, साधारण दीड इंच बाय पावणेतीन इंच. कोणाच्या तरी डोक्यात आलं की तुकडा घालायचाच आहे तर त्यावर काहीतरी छापू. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरी अ‍ॅलन अँड गिंटर नावाची कंपनी होती, तिने हे जोरात केलं. त्याच सुमारास बॉन्सॅक नावाच्या तरुणाने सिगारेट वळण्याचं यंत्र काढलं. ते यंत्र दिवसाला लाखाच्या वर सिगारेटी वळी. ड्यूक कंपनीने ते घेतलं आणि मग एकच प्रश्न उरला, एवढ्या सिगारेटी ओढणार कोण? उत्तर त्या पुठ्ठ्यावर होतं. पंचवीसचा संच, पन्नासचा संच; पुरा करायचा तर पाकिटं घेत राहा. संचात पक्षी असत, झेंडे असत, बेसबॉलचे खेळाडू असत. पण सगळ्यांत जास्त चालल्या त्या रंगभूमीवरच्या नट्या.

1894 साली ड्यूक कंपनीच्या मालकाला त्याच्या वडिलांनी, म्हाताऱ्या वॉशिंग्टन ड्यूकने, पत्र लिहिलं. धर्मोपदेशकांच्या तक्रारी येताहेत, ही कामुक छायाचित्रं बंद कर, असा त्याचा सूर. बाप तंबाखू विकायला तयार, पायांना घट्ट बसणारे मोजे घातलेली नटी विकायला तयार नाही. यातला विनोद तुम्ही घरी जाऊन उपभोगा. आम्हाला पुढे जायचंय.

आम्हाला त्या चित्रांत जास्त रस वाटला तो चित्राखालच्या ओळीत. तिथे काय लिहिलंय?

काही कार्डांखाली नाव आहे. लिली लँग्ट्री, एलन टेरी, लिलियन रसेल. या मोठ्या बाया. लँग्ट्रीने तर 1882 मध्ये पेअर्स साबणाच्या जाहिरातीला स्वतःचं नाव दिलं. आपल्या चेहऱ्याची किंमत तिला कळली होती. पण अशा थोड्या. बाकी शेकडो कार्डांवर नुसता चेहरा. कधी खाली "अ‍ॅक्ट्रेस" एवढंच, कधी तेही नाही. यातल्या कितीतरी जणी कधी रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या का, देव जाणे; फोटोवाल्याकडे तासाभरासाठी बसलेली मुलगीही कार्डावर नटी होऊन येई. तोच फोटो एक कंपनी छापी, दुसरी छापी, पाचवी छापी.

पुढे ही कार्डं जमवणाऱ्यांची रीतसर संस्था झाली. इंग्लंडात 1938 मध्ये कार्टोफिलिक सोसायटी निघाली. या मंडळींनी मोठ्या चिकाटीने याद्या केल्या. त्यात अडचण आली ती या बिननावाच्या बायकांची. संचाला नाव नाही, बाईला नाव नाही, मग यादीत लिहायचं काय? त्यांनी युक्ती काढली. जो संच ज्या ज्या कंपन्यांनी छापला त्यांची आद्याक्षरं जुळवून एक शब्द करायचा आणि तो संचाचं नाव म्हणून वापरायचा. म्हणून आजही सूचीत नट्यांचे संच 'ब्लार्म', 'फ्रोगा', 'हॅग' अशा नावांनी सापडतात. 'हॅग'चा इंग्रजीतला अर्थ तुम्हाला माहीत आहे, चेटकीण, थेरडी. त्यांनी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. अक्षरं तशी जुळली एवढंच. पण बघा काय झालं ते. बाईला नाव हवं होतं, आणि तिला मिळालं तिला विकणाऱ्यांच्या आद्याक्षरांचं.

आमचा आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे. चित्र कोणाचं यापेक्षा चित्राखाली कोणाचं नाव लिहिलं जातं, यावरून समाज त्या व्यक्तीला कुठे बसवतो ते कळतं.

आता हिंदुस्थानात येऊ. त्याच धंद्याचा हात इथे पोचला तो पेनिन्सुलर टोबॅको कंपनीच्या रूपाने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर तिने इथल्यासाठी कार्डं काढली. त्यातल्या एका संचाचं नाव 'हिंदू गॉड्स' आणि दुसऱ्याचं 'नॉच गर्ल'. एकाच दुकानात देव आणि नाचवाली, दोन्ही सिगारेटबरोबर फुकट. देवांच्या अपमानाबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतील. आम्हाला वेगळंच बोचतं. 'देव' म्हटलं की लगेच कोणता देव हा प्रश्न येतो. गणपती वेगळा, मारुती वेगळा. 'नाचवाली' म्हटलं की कोणती हा प्रश्न कोणाला पडतच नाही. शीर्षकातच ती संपते. विलायतेतल्या नटीला निदान अधूनमधून नाव मिळत होतं.

आणि आता घाटकोपर.

राजा रविवर्म्याने 1894 मध्ये आपला शिळाछापखाना काढला, तो इथे चाले. आज या स्टेशनावर मेट्रो आणि लोकलच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, तिथे त्या काळी जर्मनीहून आणलेल्या दगडांवर शकुंतला आणि सरस्वती उमटत होत्या. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. एका चित्राला रंगाप्रमाणे वेगवेगळे दगड, प्रत्येक रंगाचा ठसा आधीच्या ठशावर नेमका बसला पाहिजे. एखादा केसभर सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर. पुढे प्लेगच्या दिवसांत, 1899 च्या सुमारास, छापखाना लोणावळ्यापलीकडे मळवलीला गेला आणि काही वर्षांनी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे. दादासाहेब फाळके तिथे काम करून गेलेले. म्हणजे आपल्या सिनेमाची एक मुळी या दगडांत आहे.

रविवर्म्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि ती खरी आहे. ज्याला देवळाची पायरी चढू देत नव्हते त्याच्या घरात या छापखान्याने देव पोचवला. आम्ही हे नाकारत नाही. पण पुढचा प्रश्न विचारायचा राहतो. तो देव, म्हणजे बहुतेकदा ती देवी, चेहरा कोणाचा घेऊन आली? रविवर्मा समोर बाई बसवून चित्र काढी. मुंबईत कोणत्या घरची बाई चित्रकारासमोर बसणार? कुलीन घरची नाही. बसल्या त्या गाणाऱ्या, नाचणाऱ्या, कलावंतांच्या घरच्या. अंजनीबाई मालपेकरांचं नाव या संदर्भात सांगितलं जातं. जन्म 1883 चा, गोव्याकडचं घराणं, भेंडीबाजारवाल्या नझीर खाँसाहेबांच्या शिष्या. रूप असं की त्यापायी त्यांना आयुष्यात त्रासच जास्त झाला. उतारवयात त्यांच्याकडून कुमार गंधर्व शिकले, किशोरीताई शिकल्या. 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. म्हणजे गाण्याच्या इतिहासात नाव पक्कं. चित्राखाली मात्र मोहिनी असेल, दमयंती असेल, मेनका असेल. बसलेल्या बाईचं नाव नाही.

इथे कोणी म्हणेल, यात गैर काय? चित्र लक्ष्मीचं आहे, खाली लक्ष्मी लिहिणार. मोनालिसाचं नाव लिहितात कारण ते मोनालिसाचं चित्र आहे. बरोबर. या आक्षेपाला उत्तर द्यायला आम्हाला थोडं मागे, काश्मीरात जावं लागेल. पाच मिनिटं सहन करा.

भरताच्या रससूत्रावर शंकुकाने एक दृष्टांत दिला, चित्रतुरगन्याय. शंकुकाचा मूळ ग्रंथ आज नाही, अभिनवगुप्ताच्या टीकेतून तो आपल्याला कळतो. शंकुक म्हणतो, रंगमंचावर नट रामाची भूमिका करतो तेव्हा प्रेक्षकाला होणारं ज्ञान कुठल्या प्रकारचं? 'हा रामच आहे' असं सम्यक् ज्ञान नव्हे. 'राम वाटला, पण नव्हता' असं मिथ्या ज्ञान नव्हे. 'राम आहे की नाही' असा संशय नव्हे. 'रामासारखा आहे' असं सादृश्यही नव्हे. मग काय? भिंतीवर घोड्याचं चित्र पाहून पोर म्हणतं, "घोडा!" ते फसलेलं नसतं, ते शंकेतही नसतं. त्या प्रकारचं ज्ञान. शंकुकाला पुढे भट्टतौताने आणि अभिनवगुप्ताने झोडपलं, तो भाग वेगळा. आमच्या मते या एका न्यायात शंकुक त्यांच्या पुढे आहे. असो.

आता या न्यायाने तीन प्रकारची चित्रं तपासा. इंग्रजी कार्ड म्हणतं, ही लँग्ट्री. भूमिका गेली, बाई उरली. रविवर्म्याचा छाप म्हणतो, ही लक्ष्मी. बाई गेली, भूमिका उरली. 'नॉच गर्ल'चं कार्ड म्हणतं, ही नाचवाली. बाईही गेली, भूमिकाही गेली, धंदा उरला. शंकुकाला जे अपेक्षित होतं, की दोन्ही एकदम दिसावेत, घोडाही आणि चित्रही, ते यांपैकी कुठेच नाही.

ते घडलं एका चौथ्या ठिकाणी, आणि तिथे बाईच नव्हती. नारायण श्रीपाद राजहंस.

बालगंधर्वांची छायाचित्रं त्या काळी किती खपली असतील! 1911 साली 'मानापमान', 1916 साली 'स्वयंवर', 1919 साली 'एकच प्याला'. भामिनी, रुक्मिणी, सिंधू. पोस्टकार्डं निघाली, साबणाच्या आणि पावडरच्या जाहिरातींवर तो चेहरा आला. मराठी मुलखात सिगारेटच्या कार्डाचं काम कोणी केलं असेल तर या चित्रांनी केलं. गुजराती रंगभूमीवर जयशंकर 'सुंदरी' होते. 1901 च्या नाटकातल्या भूमिकेचं नावच त्यांना चिकटलं. इथले गुजराती श्रोते मान हलवताहेत, म्हणजे घरात गोष्टी ऐकलेल्या दिसतात. त्यांच्याही लुगड्याची, चालीची नक्कल मुंबईतल्या बायका करत.

आमच्या आजीच्या ट्रंकेत बालगंधर्वांचं असं एक पोस्टकार्ड होतं. शालू, नथ, मान किंचित कललेली. देव्हाऱ्यात मळवली छापाची लक्ष्मी होती, तिच्या पदरावर कुंकवाचे डाग; आणि हे कार्ड ट्रंकेत, पोथीच्या फडक्यात गुंडाळलेलं. लहानपणी आम्ही काडेपेटीचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटं जमवायचो, ती दगडाने उडवायचा खेळ असे, आणि खेळायला म्हणून एकदा ते कार्ड पळवलं. आजीने पाठीत धपाटा घातला. म्हणाली, "नारायणराव आहेत ते, ठेव आधी!" आम्ही म्हटलं, "आजी, ही तर बाई आहे." ती म्हणाली, "बाईच आहे. बघ निऱ्या कशा धरल्यात. नारायणरावांसारख्या निऱ्या आम्हाला जन्मात जमल्या नाहीत."

तिने शंकुक वाचलेला नव्हता. पण एका दमात "नारायणराव आहेत" आणि "बाईच आहे" ही दोन्ही वाक्यं ती म्हणाली, आणि तिला त्यात विसंगती वाटली नाही.

म्हणून आमचा एक मतभेद इथे नोंदवतो. या सगळ्या चित्रांवर हल्ली एकच शिक्का मारायची पद्धत आहे, स्त्रीची वस्तू केली, बाजार मांडला. तो आरोप 'नॉच गर्ल'च्या कार्डाला लागू पडतो, पूर्णपणे पडतो. पण आजीच्या हातातल्या कार्डाला तो तसाच लावला तर आजीचं पाहणं आपण पुसून टाकतो. ती वस्तू पाहत नव्हती. ती कारागिरी पाहत होती, थोडी असूयेने.

तरीही या आनंदाचा एक हिशेब चुकता करायचा राहतो. बालगंधर्वांना दोन्ही नावं मिळाली, स्वतःचं आणि भामिनीचं, याचं कारण ते थोर नट होते हे तर आहेच. दुसरं कारण ते पुरुष होते. त्यांचं नाव छापल्याने कोणाचं घर बाटत नव्हतं. त्याच वर्षांत बायका नाटकात नव्हत्या असं नाही. बायकांच्या स्वतंत्र मंडळ्या होत्या, गावोगाव प्रयोग करत होत्या. पण चांगल्या घरच्या ट्रंकेत त्यांचं कार्ड कोण ठेवणार?

हिराबाई पेडणेकरांचं पाहा. जन्म 1885, कलावंत घराण्यातल्या. 1904 मध्ये 'जयद्रथ विडंबन', आणि 1912 मध्ये 'संगीत दामिनी', जे केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने रंगभूमीवर आणलं. मराठीतल्या पहिल्या स्त्री नाटककार म्हणून आज त्यांचं नाव घेतो. नामवंत साहित्यिकांची त्यांच्या घरी ऊठबस होती. 'मानापमान'ची भामिनी घरोघर पोचली त्याच्या पुढच्याच वर्षी 'दामिनी' आलं. आणि त्यानंतर हिराबाई मुंबई सोडून गुहागरजवळ पालशेतला गेल्या. उरलेलं आयुष्य तिथे, 1951 पर्यंत. पुढे वसंत कानेटकरांनी त्यांच्यावरून 'कस्तुरीमृग' लिहिलं, तेव्हा लोकांना पुन्हा आठवण झाली. म्हणजे इथेही नाटकातल्या पात्राच्या रूपाने.

सिनेमातही तेच. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती केली साळुंके नावाच्या पुरुषाने, उपाहारगृहात कामाला होता तो. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. आपल्या पडद्यावरच्या पहिल्या बायका. दुर्गाबाईंना त्याची सामाजिक किंमत मोजावी लागली.

कांट कुठे आला, असं मागच्या रांगेतून विचारलं जाईल. आला. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, सोबत साध्य म्हणूनही वागवा, असं कांट म्हणतो. 'केवळ' या शब्दावर लक्ष द्या. शिकवताना आम्ही तो फळ्यावर अधोरेखित करायचो. चित्रकारापुढे बसून पैसे घेणारी बाई साधन होतेच, तसा गवंडीही होतो, प्राध्यापकही होतो. 'केवळ' कुठे सुरू होतं? आमचं उत्तर असं की तिचं नाव विचारायची गरजच वाटेनाशी होते, तिथे.

मात्र यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो आम्हाला झोपू देत नाही. नाव लिहिलं म्हणजे न्याय झाला का? यांतल्या कित्येक घराण्यांनी पुढच्या पिढीत आडनावं बदलली, मुलींची लग्नं केली, गाणं बंद केलं. चोरबाजारात मिळालेलं जुनं पोस्टकार्ड, ज्यावर इंग्रजीत 'मुंबईची नाचवाली' एवढंच आहे, त्यातली बाई उद्या आम्ही खटपट करून ओळखून काढली आणि तिच्या पणतीने सांगितलं, कृपा करून छापू नका, तर? आम्ही तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालो, पण याचं सरसकट उत्तर आमच्याकडे नाही. एवढं म्हणतो की ज्यांनी आपलं नाव स्वतः पुढे केलं त्यांचं तरी गाळू नये.

आणि अशी एक होती, म्हणून शेवटी ती. गौहर जान. तिची पोस्टकार्डं निघाली. काडेपेटीवर तिचं चित्र होतं असंही सांगतात. पण 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला फ्रेड गाइसबर्ग यंत्र घेऊन आला आणि तिचं गाणं मेणावर उतरवलं. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कामगाराला ठुमरी काय कळणार आणि गाणारी कोण हे तरी काय कळणार? लेबल चुकू नये म्हणून गाणं संपताना गाणाऱ्याने नाव उच्चारायचं, असा रिवाज पडला. कारखान्याची सोय, दुसरं काही नाही. पण त्या सोयीमुळे तीन मिनिटांच्या गाण्याच्या टोकाला गौहर चढ्या, ठसक्याच्या आवाजात इंग्रजीत सांगते, "माय नेम इज गौहर जान." पुठ्ठ्यावरच्या चित्राला ही सोय नव्हती.

ती तबकडी आम्ही फोनवर आणली आहे. ध्वनिक्षेपकाजवळ धरतो, खरखर आहे बरीच, शेवटपर्यंत ऐका.